आवाज पुढे, ओठ मागे: व्हिडिओतला आवाज सरकत असेल तर काय तपासायचं

सप्ताहांचा हंगाम आला की मला एक ठरावीक फोन येतो. "दादा, सुरुवातीला बरोबर आहे हो, पण शेवटाकडं बुवांचं तोंड मिटलेलं आणि आवाज आपला चालूच." लग्नसराईत तोच फोन मंगलाष्टकांसाठी येतो, उन्हाळी सुट्टीत नाट्यशिबिरांच्या एकांकिकांसाठी. मी लग्नं, कीर्तनं, व्याख्यानं यांचं एडिटिंग करतो आणि आजवर सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केलेला बिघाड हाच आहे.

फोन करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं त्याआधी एक उद्योग केलेला असतो: आवाजाची पट्टी चार ठिकाणी कापून, हातानं सरकवून बसवलेली असते. मी आधी ते सगळे काप काढून टाकतो आणि मग कामाला लागतो. आवाज हलवण्याआधी तो किती हललाय, ते मोजा. चोर कोण आहे, हे बहुतेक वेळा तो आकडाच सांगतो.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कोणतं, ते आधी बघा.

- पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत फरक सारखाच आहे.
- सुरुवातीला जुळलंय, मग एकाच चालीनं हळूहळू सरकत जातं.
- सरकतं, पण नेम नाही. कधी वेगानं, कधी थांबून, अंधाऱ्या भागात जास्त.
- एका जागेपर्यंत चोख, तिथून पुढे एकदम उडी.
- सरकतंय तर आहेच, शिवाय आवाजाचा सूरच बदललाय. बुवा काळी दोनमध्ये गायले होते आणि पेटीवर लावून बघितलं तर सूर पांढरी दोन आणि काळी एकच्या मधे कुठेतरी लटकतोय.

मोजायचं कसं

व्हिडिओच्या पहिल्या मिनिटात एक जागा शोधा आणि शेवटच्या मिनिटात एक. चित्रणात जुळवणीसाठी टाळी दिलेली असेल तर प्रश्नच मिटला: हात भिडल्याची फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातला सुळका, दोन्ही समोरासमोर. टाळी नसेल तर ओष्ठ्य अक्षरं शोधा. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात. कीर्तनात 'पुंडलिक वरदे' यातला 'पु' सोन्यासारखा. ओठ मिटलेत, आलेख सपाट आहे, पुढच्या फ्रेमला ओठ सुटतात आणि आलेख उसळतो. टाळांच्या भरवशावर राहू नका. वीस टाळकऱ्यांचे टाळ एका क्षणी वाजत नाहीत, आलेखात नुसता झाडोरा दिसतो.

फ्रेम म्हणजे एक चित्र. सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीटी 1359 नावाची शिफारस आहे. तिच्यानुसार आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला कळायला लागतं, मागे पडला तर मात्र 125 पर्यंत चालून जातं. आयुष्यभर आपण आवाज चित्रानंतरच येताना बघतो: लांबच्या विहिरीवर धुणं आपटलेलं आधी दिसतं, मग ऐकू येतं. उलटं झालं की मेंदूला लगेच खटकतं. म्हणून शंका असली तर मी आवाज एक फ्रेम मागे ठेवतो, पुढे कधीच नाही.

आता शेवटच्या जागेवरचा फरक घ्या, त्यातून सुरुवातीचा वजा करा आणि तासाला किती पडतो ते काढा. एक फ्रेम ते चार-पाच फ्रेम: दोन यंत्रांची घड्याळं वेगळी आहेत. 3.6 सेकंद: 29.97 आणि 30 या फ्रेम रेटची (सेकंदाला किती चित्रं) गल्लत. सव्वादोन ते अडीच मिनिटं: 24 आणि 25 यांची गल्लत. पाच मिनिटांच्या आसपास आणि सूरही बदललेला: आवाजाच्या 44.1 आणि 48 हजार या सॅम्पल रेटची गल्लत (हे पुढे चौथ्या तपासणीत). यातल्या कशातच बसत नसेल आणि चालही वेडीवाकडी असेल, तर फोनचा व्हिडिओ, म्हणजे बदलता फ्रेम रेट. माझ्याकडे येणाऱ्या कामांत निम्म्याहून जास्त हेच निघतं.

आता तपासण्या. स्वस्तातली आधी.

1. कानातलं काढा

हसू नका. एका पोरानं सबंध लग्न दोन रात्री जागून सहा फ्रेमनं सरकवलं आणि पाहुण्यांच्या टीव्हीवर ते सहा फ्रेमनं चुकलेलं निघालं. एडिटिंग करताना त्यानं ब्लूटूथ इअरफोन लावले होते. ब्लूटूथवर आवाज आधी दाबला जातो, हवेतून जातो, पलीकडे उलगडतो, आणि यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. सिनेमा बघायची ॲपं तेवढं चित्र मागे धरून सांभाळून घेतात, एडिटिंगची सॉफ्टवेअरं सांभाळतीलच असं नाही. वायरचा हेडफोन लावा आणि पुन्हा बघा. 'सारखाच फरक' या लक्षणाची बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

टीव्हीला साउंडबार जोडला असेल तर तीच गोष्ट. त्याच्या सेटिंगमध्ये लिप सिंक किंवा ऑडिओ डिले म्हणून काहीतरी असतं, ते शून्यावर आणून बघा. व्हीएलसी हा प्लेअर वापरत असाल तर जे आणि के या बटणांनी आवाज 50 मिलिसेकंदांच्या टप्प्यानं मागेपुढे होतो. चुकून दाबलं गेलं असेल तर फाइल बंद करून पुन्हा उघडा.

2. प्रीव्ह्यूवर विश्वास ठेवू नका

लॅपटॉप दमला की सॉफ्टवेअर चित्राच्या फ्रेम गाळतं, आवाज मात्र थांबवत नाही. कारण आवाज तुटलेला कानाला लगेच टोचतो, चित्रातली एखादी फ्रेम गेली तर चालतं. म्हणजे टाइमलाइनवर (क्लिपा मांडायच्या पट्टीवर) दिसणारा फरक फाइलमध्ये असेलच असं नाही. संशयाच्या जागेचा एक मिनिटाचा तुकडा एक्स्पोर्ट करा आणि फोनवर वाजवून बघा. तिथे जुळत असेल तर आजार लॅपटॉपचा आहे, प्रॉक्सी, म्हणजे क्लिपांच्या हलक्या तात्पुरत्या प्रती, बनवून काम करा.

3. मूळ फाइल तपासा

मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. फाइल त्यात टाकली की तिची कुंडली समोर येते. बघायच्या ओळी तीनच: फ्रेम रेट मोड, फ्रेम रेट आणि आवाजाचा सॅम्पलिंग रेट. बाकीचा पसारा सोडा. बिट रेटकडे बघून पुष्कळ जण घाबरतात, पण बिट रेट म्हणजे दर सेकंदाला किती माहिती साठवली, त्याचा संबंध चित्राच्या दर्जाशी आहे, आवाज सरकण्याशी नाही. तसंच 'एमपी4 आहे म्हणून होतंय का?' हा प्रश्न. एमपी4 हा नुसता डबा आहे. आत भाजी कुठली, ते डब्यावरून कळत नाही.

फ्रेम रेट मोडपुढे 'व्हेरिएबल' (बदलता) लिहिलं असेल तर सरळ पाचव्या तपासणीवर जा. 'कॉन्स्टंट' (सारखा) असेल तर पुढे चला.

4. प्रोजेक्टचे आकडे आणि फाइलचे आकडे ताडून बघा

फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती चित्रं. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दूरदर्शनपासून 25 चा हिशोब चालत आला. अमेरिकेत 60 हर्ट्झ, तिथे 30 होतं. 1953 साली तिकडे रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरलं तेव्हा रंगाचा आणि ध्वनीचा सिग्नल एकमेकांत मिसळू नयेत म्हणून वेग हजारात एकानं कमी केला आणि 30 चे 29.97 झाले. ते शेपूट आज कऱ्हाडातल्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यालाही लटकलेलं आहे, कारण कॅमेरा खोक्यातून निघतानाच पुष्कळदा एनटीएससीवर (अमेरिकी पद्धतीवर) असतो आणि कुणी तो पालवर (आपल्या 25 च्या पद्धतीवर) करत नाही.

29.97 ची क्लिप सॉफ्टवेअरनं 30 ची समजून चालवली की तासाला 3.6 सेकंद पळते. क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन फ्रेम रेट फाइलमध्ये आहे तोच आहे ना, ते बघा. कुणीतरी तो 'दुरुस्त' केलेला असतो. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एक जादा काळजी: नवं प्रोजेक्ट मुळात 24 वर उघडतं आणि मीडिया आत घेतल्यावर प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही. आधी आकडा ठरवा, मग क्लिपा आत घ्या.

आवाजाचं तसंच. सॅम्पल रेट म्हणजे आवाजाची सेकंदाला किती मोजमापं घेतली. सीडीसाठी 44,100 ठरलं, व्हिडिओच्या जगात 48,000 चालतं. एरवी सॉफ्टवेअर हे आपापसांत बदलून घेतं, काही बिघडत नाही. बिघडतं कधी, तर 48,000 ची फाइल 44,100 ची समजून वाजवली की. मग तासाचं कीर्तन 65 मिनिटं 18 सेकंदांचं होतं आणि सूर जवळपास दीड अर्धस्वर, म्हणजे पेटीवरच्या दीड पट्टीनं खाली येतो. उलट झालं तर 55 मिनिटांत आटोपतं आणि बुवा घाईत असल्यासारखे वाटतात. सॉफ्टवेअरमध्ये फाइलचा रेट बरोबर सांगितला की झालं. इथे ताणाताणी करायची नाही, नुसतं लेबल बदलायचं.

5. बदलता फ्रेम रेट

आता मुख्य आरोपी.

फोनवर तुम्ही 30 फ्रेम निवडलेत. मंडपात संध्याकाळ झाली, दिवे पिवळे, उजेड कमी. फोन ठरवतो की प्रत्येक चित्राला जरा जास्त वेळ उजेड मिळू दे, आणि सेकंदाला 30 ऐवजी 24 चित्रं घेतो. बुवांवर झोत आला की पुन्हा 30. प्रत्येक चित्रावर ते कितव्या क्षणाचं, याची चिठ्ठी तो लावून ठेवतो. फोनचा स्वतःचा प्लेअर त्या चिठ्ठ्या वाचून चित्रं दाखवतो, म्हणून फोनवर सगळं चोख. "फोनवर तर बरोबर दिसतंय" हे वाक्य ऐकलं की माझं निदान तिथेच होतं. काही एडिटिंग सॉफ्टवेअरं चिठ्ठ्या वाचत नाहीत, चित्रं मोजतात आणि सारख्या अंतरावर मांडतात. आवाजाची मोजमापं मात्र अंधार असो की उजेड, सेकंदाला 48,000 च.

चाळीस मिनिटांचं चित्रण घ्या. सरासरी 29.4 फ्रेम पडल्या, तर एकूण 70,560 चित्रं झाली. ती 30 च्या चालीनं मांडली की 39 मिनिटं 12 सेकंदांत संपतात. आवाज चाळीस मिनिटांचा, चित्र 48 सेकंद आखूड. आणि ही तूट सगळीकडे सारखी वाटलेली नसते, अंधाऱ्या भागांत साचलेली असते. त्यामुळे आवाज एका टक्केवारीनं ताणून हे कधीच बसत नाही. सुरुवात आणि शेवट जुळतात, मधे बोंब.

उपाय: टाइमलाइनवर घेण्याआधी फाइल सारख्या फ्रेम रेटची करून घ्या. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट 30 निवडा आणि खाली 'कॉन्स्टंट' वर टिचकी मारा. ती खालची टिचकी लोक हमखास विसरतात आणि मग 'करून बघितलं, फरक नाही' म्हणून सांगतात. दर्जाचा आकडा 16 ते 18 च्या दरम्यान ठेवा, इथे आकडा लहान तेवढा दर्जा चांगला. आवाजाचा सॅम्पल रेट 48. फोन 30 चा असेल तर 30 च ठेवा. थेट 25 केलं की दर सहा चित्रांतलं एक गळतं आणि वरात चालताना अडखळते. झालेली फाइल मीडियाइन्फोत टाकून 'कॉन्स्टंट' दिसतंय का, ते बघा. मूळ फाइल पुसू नका.

दोन तासांच्या फाइलला जुन्या लॅपटॉपवर अख्खी रात्र जाते, तेवढा वेळ हाताशी ठेवा. टाइमलाइनवर आधीच कापाकापी झाली असेल तर क्लिपच्या जागी नवी फाइल जोडून बघता येतं, पण खरं सांगतो, कापांची जागा चुकते. पहिल्यापासून बसणं लवकर होतं.

पुढच्या वेळी हे टाळायचं तर आयफोनच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये 'ऑटो एफपीएस' बंद करा. अँड्रॉइडवर फ्रेम रेट आणि शटर हातानं ठरवू देणारं कॅमेरा ॲप वापरा, 25 फ्रेम आणि शटर (प्रत्येक चित्राला उजेड मिळण्याचा वेळ) 1/50 सेकंद. यानं आपल्याकडच्या ट्यूबलाइटची लुकलुकही जाते, हा वरकड फायदा. स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ऑनलाइन सभांची रेकॉर्डिंगं मात्र बहुधा बदलत्या रेटचीच येतात, ती न बघताच आधी हँडब्रेकमधून काढत जा.

6. एकदम उडी आली असेल तर

उडीची जागा शोधा आणि तिथे फाइलचा सांधा आहे का, ते बघा. 32 जीबीपर्यंतच्या कार्डांवर फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा तुकडे पाडतो. एव्हीसीएचडी पद्धतीनं चित्रण साठवणाऱ्या कॅमेऱ्यात हे तुकडे एकमेकांना जोडणारी माहिती दुसऱ्याच फोल्डरमध्ये असते. नुसत्या चित्रणाच्या एमटीएस फाइली उचलून आणल्या की सांध्यावर आवाजाचा घोट जातो. कार्डावरचं फोल्डर जसंच्या तसं, अख्खं कॉपी करा आणि सॉफ्टवेअरच्या मीडिया ब्राउझरमधून आत घ्या.

सांधा नसेल तर कार्डाचा वेग. कॅमेरा 100 मेगाबिटचा म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. बिट आणि बाइट यांत आठाचा फरक आहे, तो विसरू नका. कार्डावर व्ही30 लिहिलेलं असेल तर ते किमान 30 मेगाबाइट झेपवतं, भरपूर झालं. पण कार्ड नकली असेल तर लिहिलेल्याला काय अर्थ.

7. दोन यंत्रांची दोन घड्याळं

मिक्सरवरून आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला, चित्र कॅमेऱ्यावर. दोन्हींत स्फटिकाचं घड्याळ असतं आणि दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत वीस-तीस-पन्नासचा फरक स्वस्त यंत्रांत चालायचाच. पन्नास म्हणजे तासाला 180 मिलिसेकंद, साडेचार फ्रेम. हा बिघाड नाही, यंत्राचा स्वभाव आहे.

मागच्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन 1 तास 52 मिनिटांचं. पहिला 'पु' चोख बसला, शेवटच्या गजरातल्या 'पु'ला आवाज 5 फ्रेम मागे. 200 मिलिसेकंद भागिले 6,720 सेकंद, म्हणजे 0.003 टक्के. आवाज 100.003 टक्के वेगानं चालवला की बसतो. सूर हलतो, पण इतका कमी की पेटीवाल्यालाही कळणार नाही. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी 'चेंज स्पीड अँड पिच' (जुन्या आवृत्त्यांत नुसतं 'चेंज स्पीड') वापरा, 'चेंज टेम्पो' नको. टेम्पोवाला सूर राखण्याच्या नादात आवाजाचे बारीक तुकडे करून शिवतो, आणि टाळांच्या नादात ती शिवण ऐकू येते.

पुष्कळ सॉफ्टवेअरांत वेगाची पेटी दोनच दशांश घेते, तिथे 100.003 टाकताच येत नाही. तेव्हा, आणि फक्त तेव्हाच, कापा. साधारण 22 मिनिटांना एक फ्रेम, म्हणजे पाच काप. जागा बघून कापा: गजर संपून निरूपण सुरू होताना बुवा उपरणं सावरतात, ती दोन सेकंदं. गाण्याच्या मधोमध एक फ्रेम काढली तर पखवाजाची मात्रा लंगडते.

शेवटी अंतराचा हिशोब. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. कॅमेरा व्यासपीठापासून 15 मीटर मागे असेल तर त्याच्या माइकपर्यंत आवाज पोचायला 44 मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका फ्रेमहून थोडं जास्त. सॉफ्टवेअरच्या आपोआप जुळवणीनं कॅमेऱ्याचा आवाज आणि मिक्सरचा आवाज एकावर एक बसवले, तर मिक्सरचा आवाज ओठांच्या एक फ्रेम मागे पडतो. एवढं चालतं. दिसत असेल तर एक फ्रेम पुढे घ्या.

कुठे थांबायचं

कार्ड मधेच 'फॉरमॅट करा' म्हणत असेल किंवा फाइल उघडतच नसेल, तर तिथेच थांबा. त्या कार्डावर काहीही लिहू नका, फुकटची रिकव्हरी सॉफ्टवेअरं एकामागून एक चालवू नका. कार्ड काढून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. लग्न पुन्हा लागत नाही.

बदलत्या रेटची फाइल चुकीच्या चालीनं एक्स्पोर्ट झाली आणि मूळ पुसलं गेलं, तर चिठ्ठ्या गेल्या. मग वाक्यावाक्याला हातानं जुळवणं एवढंच उरतं. पाच मिनिटांचं असेल तर बसा. दोन तासांचं असेल तर रोज हेच करणाऱ्याला पैसे द्या, आणि तोही सगळं जुळेल असं म्हणणार नाही.

गाण्याची मैफल, तीन-चार कॅमेरे आणि वेगळं मल्टीट्रॅक रेकॉर्डिंग असेल तर घरी ताणाताणी करू नका, साउंड इंजिनिअरकडे जा. थेट प्रक्षेपणात फरक पडत असेल तर तो नंतर सुधारत नाही, मिक्सिंग करणाऱ्याकडून आवाजाला तेवढा डिले त्याच वेळी लावून घ्यावा लागतो. आणि एकच कॅमेरा, कार्ड बदलूनही, दर वेळी वेगळ्याच आकड्यानं सरकत असेल तर तो सर्व्हिस सेंटरमध्ये न्या. स्क्रू आपण खोलायचे नाहीत.

कुणाकडेही काम द्याल तेव्हा मूळ फाइली द्या, व्हॉट्सॲपवरून आलेल्या नकोत, कारण तिथे व्हिडिओ पुन्हा दाबला जातो आणि कुंडली बदलते. सोबत मीडियाइन्फोच्या त्या तीन ओळी, पहिल्या आणि शेवटच्या जागेची वेळ, आणि दोन्हीकडचा फरक फ्रेममध्ये. तुमचे काप असलेलं प्रोजेक्ट पाठवायची गरज नाही.